कराची–पुणे : अंतर हजार किलोमीटर, वेळ मात्र विचारू नका

परवा संध्याकाळी आमच्या ताथवड्यातल्या सोसायटीच्या बाकावर एक साधं गणित सुटलं नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. चहा घेऊन बसा.

बाकावर रोज येणारे एक सिंधी काका आहेत. वय पंच्याऐंशी. जन्म कराचीचा, आयुष्य गेलं पिंपरी कॅम्पात दुकानाच्या गल्ल्यावर, आता मुलाने इकडे फ्लॅट घेतला म्हणून ताथवडेकर. मराठी तुमच्या-माझ्याइतकं चोख, फक्त चिडले की सिंधीत जातात. त्यांचा नातू हिंजवडीत नोकरीला. तो दुबईला निघाला होता, पुण्याहून थेट विमानाने. काकांनी विचारलं, किती वेळ लागतो रे? तो म्हणाला, साडेतीन तास. काका जरा थांबले आणि म्हणाले, "मग कराची तर निम्म्यावर. दीड-दोन तास?"

नातवाने मोबाईल काढला, पुणे–कराची टाकलं. थेट विमान नाही. दुबईला जा, तिथे थांबा, विमान बदला, आणि मागे फिरून कराचीला या. काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे इथून पनवेलला जायचं, पण आधी दादरला जाऊन उलटं यायचं. वा!"

मी घरी येऊन नकाशा काढून बसलो. पुणे ते कराची सरळ हवाई अंतर साधारण १,००० किलोमीटर. मुंबई ते कराची तर त्याहून कमी, ८८० च्या आसपास. मुंबई–दिल्ली यापेक्षा लांब आहे, आणि ते आपण सकाळी जाऊन रात्री जेवायला घरी परत येतो. जेट विमानाला मुंबई–कराची म्हणजे दीड तास. दुबईमार्गे मात्र पुण्याहून आधी दोन हजार किलोमीटर पश्चिमेला आणि मग जवळजवळ बाराशे किलोमीटर परत पूर्वेला. सव्वातीन हजार किलोमीटर उडायचं, हजार किलोमीटरवर पोचायला.

हे असं नेहमीच होतं का? मुळीच नाही. उलट भारतातल्या नागरी विमानसेवेचा जन्मच या मार्गावर झालाय, आणि त्यात आपल्या पुण्याचा एक मजेशीर वाटा आहे. तो फारसा कुणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकलं आणि चार वर्षांत ते मुंबईला जोडून टाकलं. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं पुणे, धारवाड, अहमदाबाद आणि कराची एकाच सरकारखाली. आणि पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर कुठे यायचा? पुण्याला, गणेशखिंडीत, म्हणजे आजच्या विद्यापीठात. कायदेमंडळाचं पावसाळी अधिवेशनही पुण्यात, कौन्सिल हॉलमध्ये. सिंधचे सभासद त्यासाठी कराचीहून इथवर यायचे. झुल्फिकार अली भुत्तोंचे वडील सर शाहनवाज भुत्तो हे मुंबई सरकारात मंत्री होते, हे आज सांगितलं तर लोक "काहीतरीच काय" म्हणतात.

मराठी माणूसही तिकडे जायचा, नोकरीला, शिक्षणखात्यात, रेल्वेत. कराचीतली सगळ्यात जुनी सरकारी शाळा १८५५ ची. तिचं नाव नारायण जगन्नाथ हायस्कूल. हे नारायण जगन्नाथ वैद्य, सिंधच्या शिक्षणखात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर. फाळणी झाली, देश बदलला, पण शाळेवरचं वैद्यांचं नाव तसंच राहिलं. आजही ती एनजेव्ही म्हणूनच ओळखली जाते. कराचीत आजही थोडी मराठी कुटुंबं आहेत आणि त्यांच्याकडे गणपती बसतो.

तर विमानाकडे येऊ. १९२९ च्या मार्चअखेरीस लंडनहून कराचीपर्यंत इम्पिरियल एअरवेजची टपाल विमानसेवा सुरू झाली. विलायतेचं पत्र आठवड्याभरात कराचीत. कराची हे तेव्हा हिंदुस्थानचं हवेतलं दार होतं. इंग्रजांनी तिथे अजस्र हवाई जहाजासाठी एक प्रचंड मोठी शेडसुद्धा बांधून ठेवली होती. ते जहाज, आर १०१, इंग्लंडहून कराचीला यायला निघालं आणि ऑक्टोबर १९३० मध्ये फ्रान्समध्येच कोसळलं. शेड रिकामीच राहिली.

दार उघडलं, पण आत घरात जायला जिना नव्हता. लंडनहून हजारो किलोमीटर हवेतून आलेलं पत्र कराचीत उतरून रेल्वेत बसायचं आणि मुंबईला, मद्रासला आपल्या गतीने जायचं. हे खटकलं नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या एका माजी वैमानिकाला. तो योजना घेऊन टाटांकडे गेला. जे. आर. डी. टाटा तेव्हा ऐन पंचविशीत, फेब्रुवारी १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळालेला, परवाना क्रमांक १. योजना साधी होती : कराचीत उतरलेलं टपाल आपण विमानाने अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी, मद्रासला पोचवू.

सरकारने काय केलं? जे सरकार नेहमी करतं ते. फाईल ठेवून घेतली. अनुदान मागितलं तर नाही म्हणाले. अनुदान नको, फक्त टपालाचे पैसे द्या म्हटल्यावरही हालचाल नाही. १९२९ ची योजना मार्गी लागायला १९३२ उजाडलं. विमानाला सात तास लागणार होते, परवानगीला तीन वर्षं लागली. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१५ ऑक्टोबर १९३२. पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडी एकटेच निघाले. विमान होतं पुस मॉथ, एका इंजिनाचं, आजच्या रिक्षाला पंख लावल्यासारखं. बरोबर २५ किलो टपाल. रेडिओ नाही, दिशा दाखवणारं यंत्र नाही. खाली बघायचं आणि रेल्वेचे रूळ, नद्या, किनारा ओळखत जायचं. अहमदाबादला उतरले तेव्हा पेट्रोल आलं बैलगाडीतून, डब्यांमधून. मला ही गोष्ट फार आवडते. टाटांची पहिली टपाल विमानसेवा, आणि तिचा पेट्रोलपंप बैलांनी ओढलेला. तिथून निघून दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहू. पुढचं टपाल व्हिन्सेंट घेऊन गेला, बेल्लारीमार्गे मद्रासला.

म्हणजे कराची–मुंबई, मधे पेट्रोल भरण्यासकट, सव्वासात तास.

आता आजचा हिशेब लावा. मुंबई–दुबई साधारण सव्वातीन तास. दुबई–कराची दोन तास. मधे दुबईत विमान बदलायला अगदी देव पावला आणि दोनच तास लागले तर एकूण सव्वासात तास. एवढी नशिबाची साथ मिळाली तर आपण १९३२ च्या पुस मॉथची बरोबरी करतो. सहसा दुबईत चार-पाच तास जातातच, म्हणजे हरतो. व्हिसाचं तर मी बोलतच नाही.

आता पुण्याचा वाटा. जुहूचा विमानतळ म्हणजे तेव्हा समुद्राकाठचं चिखलाचं मैदान. पाऊस सुरू झाला की पाण्याखाली. मग टाटांची ही चिमुकली कंपनी पावसाळ्यात बोजाबिस्तरा बांधून पुण्याला यायची. विमानं, मेकॅनिक, अवजारं, सगळं. आणि उतरायची कुठे? येरवडा जेलजवळच्या मैदानात! लोहगाव तेव्हा नव्हतंच, तो हवाईतळ इंग्रजांनी १९३९ मध्ये मुंबईच्या संरक्षणासाठी काढला. म्हणजे त्या पहिल्या वर्षांत पावसाळ्यात विलायतेचं टपाल कराचीहून निघून थेट आपल्या येरवड्याला उतरत होतं. गव्हर्नरसाहेब गणेशखिंडीत, त्यांचं टपाल येरवड्यात, मधे एक नदी. पुणे–कराची विमानसेवा होती, मंडळी. नव्वद वर्षांपूर्वी होती, तीही भर पावसात.

आणि भर पावसात म्हणजे काय, हे ज्याने जुलैमध्ये खंडाळ्याचा घाट केलाय त्याला सांगायला नको. आजही तिथे समोरची गाडी दिसत नाही. त्या ढगातून लाकूड-कापडाचं, एका इंजिनाचं, रेडिओ नसलेलं विमान. पहिल्याच वर्षात या सेवेने १,६०,००० मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी आणि १० टनांहून जास्त टपाल नेलं, आणि वेळ पाळण्याचं प्रमाण शंभर टक्के. सरकारी अहवालात या पावसाळ्याचं, घाटाचं नाव घेऊन कौतुक आहे आणि इम्पिरियल एअरवेजने आपली माणसं टाटांकडे शिकायला पाठवावीत असा टोमणाही आहे. तीन वर्षं फाईल दाबणाऱ्या सरकारनेच हे लिहिलं, याची गंमत वाटते.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९३८ मध्ये टाटा एअरलाइन्स, १९४६ मध्ये एअर इंडिया, १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण, जानेवारी २०२२ मध्ये परत टाटांकडे. हे सगळं सुरू झालं ते कराचीच्या २५ किलो पत्रांवर.

मग १९४७. पंजाब आणि बंगाल चिरले गेले, सिंध अख्खं तिकडे गेलं. सुरुवातीला अनेक सिंधी हिंदू थांबले होते, घर-दुकान सोडून कोण निघतं? ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग लोंढा सुरू झाला. पैसेवाले विमानाने आले. डकोटाला कराची–मुंबई तीनेक तास. बाकीचे बोटीने.

आमचे काका बोटीने आलेले. तेव्हा सात-आठ वर्षांचे. दोन रात्री डेकवर काढल्या, एवढं आठवतं. आणि उलट्या. वडील शिंपी होते. त्यांनी शिलाई मशीनचं नुसतं डोकं गोणपाटात गुंडाळून आणलं, लोखंडी पाय तिथेच राहिले. मुंबईच्या गोदीत उतरले, मग कल्याणची लष्करी छावणी, जिचं पुढे उल्हासनगर झालं, आणि तिथून पिंपरी. वडिलांनी सुरुवातीला ते मशीन लाकडी खोक्यावर ठेवून हाताने फिरवलं. पाय घ्यायला पैसे जमायला दीड वर्ष लागलं, असं काका सांगतात. पिंपरी कॅम्पातल्या बाजारात आज लग्नाची खरेदी करायला आपण चाकण, तळेगाव, मावळातून जातो ना, त्या बाजाराचा पाया असा खोक्यावर आहे.

पिंपरी तेव्हा गाव होतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ चं, टेल्को साठच्या दशकातलं. म्हणजे कारखान्यांचा भोंगा वाजायच्या आधी कॅम्प आलेला होता. आपण पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना मोरया गोसावींवरून थेट टेल्कोवर उडी मारतो, मधली ही माणसं आपल्याला दिसत नाहीत. (हो, मीसुद्धा तेच करायचो.) आणि टेल्कोही टाटांचीच, जेआरडी अध्यक्ष असतानाच आपल्याकडे आली. कराचीच्या धावपट्टीवरून निघालेला माणूस आणि कराचीच्या धक्क्यावरून निघालेली माणसं, दोघंही शेवटी पिंपरीत पोचले.

फाळणीनंतर रस्ता लगेच बंद झाला असं समजू नका. तो टप्प्याटप्प्याने बंद होत गेला, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं. १९६५ च्या युद्धाने मुनाबावची रेल्वे तोडली. १९७१ च्या युद्धाने विमानं बंद झाली ती १९७६ पर्यंत. मग पुन्हा सुरू झाली, आणि ऐंशीच्या दशकात मुंबई–कराची हा अगदी रोजचा मार्ग होता. नीरजा भनोत ज्या विमानात होती ते पॅन अ‍ॅमचं १९८६ चं विमान आठवा. मुंबईहून निघालं, पहिला थांबा कराची, पुढे फ्रँकफर्ट. आपल्याला ते अपहरणामुळे आठवतं. पण मुंबईहून पश्चिमेला जाताना कराचीला थांबणं ही तेव्हा किती साधी गोष्ट होती, हेही त्यातच दिसतं.

त्याच्या चार वर्षं आधी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, जेआरडींनी आपलं ते पहिलं उड्डाण पुन्हा केलं. वय ७८. जुनं लेपर्ड मॉथ विमान, तोच मार्ग, कराची–अहमदाबाद–मुंबई. दोन युद्धं होऊन गेलेली, पाकिस्तानात झियांची लष्करी राजवट, इकडे इंदिरा गांधी. तरी एक म्हातारा माणूस एका खेळण्याएवढ्या विमानातून सीमा ओलांडून आला आणि दोन्ही बाजूंनी येऊ दिलं. आज असं काही कुणी सुचवलं तर काय होईल, याची कल्पना करून बघा.

मग २००२ च्या जानेवारीपासून दोन वर्षं एकमेकांच्या विमानांना हवाई हद्द बंद. २००४ मध्ये उघडली. २००६ मध्ये थार एक्स्प्रेस सुरू झाली, जोधपूरहून कराचीकडे, तब्बल चाळीस वर्षांनी. काकांच्या ओळखीचे दोघेजण त्या गाडीने जाऊन आले म्हणे. काकांनीही ठरवलं होतं, पण दुकान, सुनेचं बाळंतपण, पुढच्या वर्षी बघू. २०१७ मध्ये पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीने कराची–मुंबई बंद केलं. ऑगस्ट २०१९ मध्ये थार एक्स्प्रेस बंद. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना हवाई हद्दच बंद केली, त्यानंतर महिन्या-महिन्याच्या मुदतवाढी.

आता इथे कुणीतरी मला म्हणणारच, "मग काय, त्यांच्याशी गळाभेट करायची का?" तसं मी म्हणत नाहीये. मुंबईने २६ नोव्हेंबर पाहिलंय, आणि ते दहाजण कराचीहूनच समुद्रमार्गे आले होते. ज्या पाण्यावरून काकांची बोट आली, त्याच पाण्यावरून. त्यामुळे दार बंद का आहे, हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच की 'अंतर' आणि 'वेळ' हे दोन वेगळे विषय आहेत, आणि आपण त्यांची सतत गल्लत करतो. अंतर नकाशा ठरवतो. वेळ कुणीतरी टेबलामागे बसून ठरवतं.

हे पाकिस्तानपुरतं आहे असं वाटत असेल तर घराजवळ या. ताथवड्याहून लोहगाव विमानतळ पंचवीसेक किलोमीटर. सकाळी आठला निघालात तर दीड तास धरा. नातू दुबईला पोचला साडेतीन तासांत, त्यातला जवळजवळ निम्मा वेळ त्याने औंध-येरवडा रस्त्यावरच आधी घालवलेला. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरची आणि हवाई दलाची, त्यामुळे मोठी विमानं नाहीत. चाकण-खेडला विमानतळ येणार हे ऐकत आमच्या पिढीचे केस पांढरे झाले. जागा बदलल्या, शेवटी २०१६ मध्ये पुरंदर ठरलं. तिथल्या सात गावांनी विरोध केला, आणि ज्याची अंजिराची, सीताफळाची बाग जाणार आहे त्याला मी इथे बसून शहाणपण शिकवणार नाही. पण दोन दशकं 'येणार, येणार' म्हणत लोकांना टांगून ठेवणं, जमिनीवाल्यांनाही आणि प्रवाशांनाही, हे काही बरोबर नाही. खेडच्या शेतकऱ्याला विचारा, विमानतळ येणार की जाणार या घोळात त्याने किती वर्षं काढली. व्हिन्सेंटच्या फाईलला तीन वर्षं लागली तेव्हा परकं सरकार होतं, असं म्हणता तरी येत होतं.

काल मी काकांना हे सगळं सांगितलं. येरवड्याला कराचीचं टपाल उतरायचं हे ऐकून ते खूश झाले. मला कागदावर आकडे लिहून मागितले : हजार किलोमीटर, सव्वासात तास, २५ किलो. चष्मा लावून दोनदा वाचले. मग म्हणाले, "पंचवीस किलोच न्यायचे का रे ते? माझं वजन आता बावन्न आहे."

कागद घडी घालून खिशात ठेवला आणि लिफ्टकडे गेले.

एक विनंती. पिंपरी कॅम्पात, उल्हासनगरात किंवा पुण्यात कुणाच्या घरी १९४७-४८ च्या बोटीचं किंवा विमानाचं तिकीट, छावणीचं कार्ड, कराचीहून आलेलं पाकीट असं काही जपून ठेवलेलं असेल, तर त्याचा नीट उजेडात फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. मी येऊन बघेन. काकांनाही घेऊन येईन, त्यांना जिने जमत नाहीत, तेवढं तळमजल्यावर भेटू.